कॉलरच्या आतला टाका

सोमवार, १

नवी वही. पहिल्याच पानावर बाबांचा नियम लिहून ठेवते: वहीत कुणाचंही नाव लिहायचं नाही. "वहीला कुणीही, कधीही साक्षीला ओढून नेऊ शकतं, आणि तिला गप्प राहता येत नाही," असं ते म्हणतात. न्यायालयाच्या नक्कल विभागात चौतीस वर्षं काढलेला माणूस. मूळ कागद डावीकडे, नक्कल उजवीकडे, बोट ठेवून शब्दन् शब्द ताडायचा. माझा प्रत्येक लेख आधी त्यांच्या लाल पेन्सिलीखालून जातो आणि मगच संपादकाकडे. त्यांचा दुसरा नियम मला पाठच आहे: "नाव झाकून काय होतं? माहिती ज्या वाटेनं आली ती वाट झाक. लेख एकदा आपल्या शत्रूच्या डोळ्यांनी वाच."

आज सकाळी एका बाईचा फोन आला. "तुम्हीच ना त्या, कोर्टाचं लिहिणाऱ्या?" मी हो म्हटलं. "मी बालिकागृहातून बोलतेय. म्हणजे तिथून नाही, बाहेरून. ती मुलगी गच्चीवरून पडली नाही." आणि फोन बंद.

गेल्या महिन्यात त्या बालिकागृहात चौदा वर्षांची एक मुलगी गेली. गच्चीवर कपडे वाळत घालताना तोल गेला, असं अधीक्षकबाईंनी लिहून दिलंय. बावीस तारखेला न्यायाधीशांसमोर चौकशी आहे. साक्षीदारांच्या यादीत फक्त अधीक्षकबाई, डॉक्टर आणि पहारेकरी.

मी दिवसभर फोन हातात घेऊन बसले. पुन्हा वाजला नाही.

बुधवार, ३

भेटली. सरकारी रुग्णालयात, खांद्याच्या व्यायामासाठी लोक बसतात त्या बाकावर. काल रात्री पुन्हा फोन करून तिनंच जागा सुचवली. "इथे कुणी कुणाकडे बघत नाही, जो तो आपल्या दुखण्याकडे बघतो."

पंचावन्नच्या आसपास वय. बालिकागृहात शिवणकाम करते. फाटलेलं सांधते, लहान झालेलं मोठं करते. मुली तिला मावशी म्हणतात, मीही तेच म्हणाले. मावशीनं आधी माझीच उलटतपासणी घेतली. कुठल्या पेपरात आहे? कुठल्याच नाही, सुट्टे लेख लिहिते. म्हणजे तुमच्या मागे कोण? कुणी नाही. "मग बरंय," ती म्हणाली. "मागे कुणी असलं की पुढचं पाऊल तोच टाकायला सांगतो."

मग सांगितलं. गच्चीच्या दाराला पावसाळ्यापासून कुलूप आहे. त्या मुलीला सकाळपासून वरच्या सामानाच्या खोलीत कोंडलं होतं, उलट बोलली म्हणून. खोलीच्या खिडकीला गज नाहीत. दुसऱ्या दिवशी मावशीकडे कपड्यांचं गाठोडं आलं: पुसण्याची फडकी कर. त्यात दोन फ्रॉक होते, एकमेकांना गाठ मारलेले. दोरीसारखे. एक मधोमध फाटलेला.

"ते फ्रॉक आहेत?"

मावशी बराच वेळ खांदा दाबत बसली. मग म्हणाली, "आहेत. कुठे ते विचारू नका."

"पण ते त्याच मुलीचे कशावरून? तिथे तर कपडे सगळ्यांचे सारखेच."

तेव्हा तिनं मला टाक्याचं सांगितलं. तिथे मुलींना आकडे आहेत, कपड्यांवरही आकडे, आणि धुलाईत आकडे पुसले जातात. म्हणून ती प्रत्येक मुलीला विचारते, तुझा रंग कोणता? आणि त्या रंगाचा एकच बारीक टाका कॉलरच्या आत, मानेजवळ घालते. बाहेरून दिसत नाही. "मुली कपडे आले की आधी कॉलर उलटून बघतात. आपलं काहीतरी आहे म्हणून." गेलेल्या मुलीचा टाका पिवळा.

मला गलबलून आलं. असं काही मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

मी शब्द दिला, तुमच्याबद्दल कुणाला काही कळणार नाही. लेख आला की न्यायाधीश कर्मचाऱ्यांना बोलावतील, मग फ्रॉक तिथेच द्या, तोवर जपा. मावशी म्हणाली, "बाई, नोकरी गेली तर जाईल. पण ते फ्रॉक त्यांच्या हाती लागले तर चुलीत जातील. मग ती मुलगी कपडे वाळत घालतानाच मेली."

वस्तू आधीच न्यायालयात जमा करता येते का, हे बाबांना विचारायला हवं. पण नको. चार लोकांना कळेल.

शनिवार, ६

आज काही घडलं नाही, पण बाबांवर हसू आलं म्हणून लिहिते. हल्ली त्यांना नवे छंद जडलेत. खुर्ची खिडकीला चिकटवून बसतात. लाल पेन्सिलीला रबर गुंडाळून ठेवलंय, "हाताला लगेच लागते" म्हणून. शब्दकोडं सोडून दिलं, म्हणे सोपी झालीत. सकाळी वर्तमानपत्र मलाच वाचून दाखवायला लावतात. "डोळे फसतात, कान फसत नाहीत. मोठ्यानं वाचलं की खोटं वाक्य लगेच अडखळतं." दिव्यावर तर त्यांचा खास राग. "हे कंपनीवाले आता उजेडही मोजूनमापून देतात." दोन बल्ब बदलले, तरी तक्रार आहेच.

मघाशी दारामागच्या माझ्या रेनकोटला "या, बसा" म्हणाले. मी हसले तर तेही हसले. "म्हटलं, पाहुणा उभा का?" ऐंशीच्या घरात पोचले तरी विनोदबुद्धी शाबूत आहे.

मंगळवार, ९

संपादकांचा फोन. मी त्यांना मनातल्या मनात 'उद्याच' म्हणते, कारण त्यांना प्रत्येक गोष्ट उद्याच हवी असते.

"गुरुवारी दे. रविवारच्या पुरवणीत पूर्ण पान."

"चौकशी बावीसला आहे. एकवीसला छापू. मधे आठवडा मिळाला तर ते लोक—"

"तोवर दुसऱ्या कुणी छापलं तर? ताई, शिळ्या बातमीला कुत्रं विचारत नाही. आणि तू काय आजकालची आहेस? नाव बदल, काम बदल. झालं."

मी वाद घालायला हवा होता. पूर्ण पान म्हटल्यावर मी 'देते' म्हणून मोकळी झाले, हे खरं.

गुरुवार, ११

लेख लिहून झाला. मावशीला मी 'स्वयंपाकघरातली एक कर्मचारी' केलं. वय दहा वर्षांनी कमी. फ्रॉकबद्दल अक्षर नाही. फक्त कोंडलं होतं, गच्चीला कुलूप होतं, एवढंच. आणि शेवटी टाका. नुसता टाका, तोही कोण घालतं ते न सांगता: 'इथे मुलींना आकडे असतात. पण कुणीतरी त्यांच्या कॉलरच्या आत, जिथे कुणी बघत नाही तिथे, प्रत्येकीच्या आवडीच्या रंगाचा एक टाका घालतं. गेलेल्या मुलीचा टाका पिवळा होता.' मी ते वाक्य पाच वेळा वाचलं. पाचही वेळा डोळे भरून आले.

छापील प्रत बाबांना दिली. ते खिडकीत कागद घेऊन तासभर बसले. मी आत भांडी घासत होते, पण सगळं लक्ष बाहेर. एकदा म्हणाले, "तूच वाचून दाखवतेस का?" मी म्हटलं, "बाबा, साडेचारला पाठवायचाय, हात ओले आहेत, तुम्हीच बघा ना."

कागद परत आला. एकही लाल खूण नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"काहीच नाही?"

"तू आता शिकलीस," बाबा म्हणाले.

मला इतका आनंद झाला की कागदाची घडी करून या वहीत ठेवली आहे. पाठवला. पण आता वाटतंय, त्यांच्या आवाजात आनंद का नव्हता? बहुतेक विषयच जड होता म्हणून.

रविवार, १४

पूर्ण पान. 'उद्याच'नं पिवळ्या टाक्याचा मथळाच केलाय. सकाळपासून फोन. एका निवृत्त न्यायाधीशांचाही. मावशीचा मात्र नाही. रविवारी तिला फोन करायचा नाही असं ठरलंय, म्हणून मीही केला नाही.

सोमवार, १५

अकरा वाजता अधीक्षकबाईंचा फोन. मी शिव्या ऐकायच्या तयारीनं उचलला. पण आवाज लोण्यासारखा.

"तुमचा लेख वाचला. फार सुंदर लिहिता हो तुम्ही."

मी म्हटलं, तुमची बाजू सांगायची असेल तर मी येते.

"छे, बाजू कसली! मी आपली आभार मानायला फोन केला. ते टाक्याचं तर मनाला फारच भिडलं. सव्वीस वर्षं इथे काम करतेय, पण कुठल्या मुलीचा रंग कुठला ते मलासुद्धा माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत. कौतुक आहे बाई." आणि मग, अगदी हळू, "ते माहीत असणारी आमच्याकडे एकच आहे."

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. नळ सोडला, बंद केला. कशाला ते कळलं नाही.

मावशीचा फोन बंद. सात वेळा केला.

मंगळवार, १६

बालिकागृहाच्या फाटकापाशी गेले. पहारेकऱ्यानं मला ओळखलं, किंवा त्याला ओळखायला सांगितलं होतं. "शिवणखोली बंद आहे. मशीनसुद्धा तपासलं, आतलं चाकसुद्धा काढलं. शिवणाऱ्या बाईंना घरी बसवलंय." मी निघाले तर मागून म्हणाला, "काल दिवसभर मुलींकडून कॉलरी उसवून घेतल्या. सगळ्या. एकवीस मुली ओळीत बसून आपापला टाका काढत होत्या. तुम्ही ते पण लिहाल ना आता?"

मी तिथून बसथांब्यापर्यंत कशी आले आठवत नाही.

मी नाव झाकलं, वय झाकलं, काम झाकलं. आणि जी गोष्ट जगात एकट्या मावशीलाच माहीत होती ती, सुंदर होती म्हणून, शेवटच्या ओळीत ठेवली. वाट झाकली नाही. वाटेवर दिवा लावला.

घरी आले. बाबा खिडकीत. मी तो बिनखुणेचा कागद त्यांच्यासमोर धरला.

"हे तुम्हाला दिसलं नाही? तुमचा स्वतःचा नियम! चौतीस वर्षं स्वल्पविराम पकडलेत आणि हे सुटलं?"

बाबा कागदाकडे न बघता माझ्याकडे बघत होते. थेट माझ्याकडेही नाही, जरा बाजूला, खांद्यावरून. राग आला की मला तसं कुणी बघितलेलं खपत नाही.

"माझं चुकलं," ते म्हणाले.

"चुकलं म्हणून काय होतंय आता?"

"मी म्हणायला हवं होतं, वाचून दाखव."

मी दार आपटून आत गेले. आता लिहिताना लाज वाटते. चूक माझी आणि मी तिला बाप शोधत होते.

बुधवार, १७

मावशीच्या घराला कुलूप. शेजारीण दार किलकिलं करून बोलली. "दोघं जण येऊन गेले. गादीसुद्धा उलटली. काही मिळालं नाही. ती भाचीकडे गेली म्हणे, कुठली भाची मला विचारू नका." मग मला आपादमस्तक बघून, "पेपरवाल्या का? तुमचं मिळालं का तुम्हाला?"

'उद्याच'चा फोन आला. "अगं, धमाल झाली! आता पुढचा भाग. त्या टाकेवालीची मुलाखत—"

मी आयुष्यात पहिल्यांदा संपादकाचा फोन तोंडावर बंद केला.

बाबांशी दिवसभर बोलले नाही. म्हणजे त्यांनी दोनदा विचारलं, मी "हं" म्हटलं. त्यांनी चहा बशीबाहेर ओतला, टेबलभर. मी पुसलं तेही बोलले नाही. आणि एक गोष्ट आता कबूल करून टाकते. तीन तारखेला मी बाबांना विचारलं नाही, वस्तू आधीच जमा करता येते का. चार लोकांना कळेल हे इथे लिहिलंय ते अर्धंच खरं. फ्रॉक न्यायालयात जमा झाले असते तर बातमी सगळ्यांची झाली असती.

चौकशीला पाच दिवस. फ्रॉक कुठे आहेत? आहेत का?

गुरुवार, १८

सावकाश लिहायला हवं.

दुपारभर मी मावशीच्या भाचीचा पत्ता शोधत फिरले. मिळाला नाही. साडेचारला घरी आले तर दार नुसतं ओढून घेतलेलं आणि बाबा नाहीत. गेले कित्येक महिने ते एकटे बाहेर पडलेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. काठी दारामागे तशीच. टेबलावर माझं पाकीट ठेवायच्या जागी रबर लावलेली लाल पेन्सिल आणि एक फाडलेला कागद, त्यावर अनोळखी, गोल, शाळकरी अक्षर: 'सुती फ्रॉक, नग दोन, एकमेकांस गाठ मारलेले, पैकी एक'. पुढे खोडलेलं.

मी जिन्यावर येऊन उभी राहिले. साडेपाचला ते दोघं आले. बाबा, आणि त्यांचा दंड धरून मावशी.

"पायरी," मावशी म्हणत होती. "अजून एक. हां. आता सपाट."

मला बघून थांबली. "तुमच्याशी भांडायला आले होते," ती म्हणाली. "दुपारी. तुम्ही नव्हतात, म्हणून यांच्याशी भांडले."

"अर्धा तास," बाबा म्हणाले. "पुनरुक्ती न करता."

दोघं आत येऊन बसले. मावशीनं सांगितलं ते असं. रविवारी सकाळी शेजारणीनं लेख मोठ्यानं वाचून दाखवला. पिवळा टाका आला तशी ती उठली, फ्रॉक पिशवीत घातले आणि घराबाहेर पडली. चार दिवस पिशवी उशाखाली घेऊन भाचीकडे. आज मी दिलेल्या कार्डावरचा पत्ता शोधत आली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पिशवीत काय आहे? तिनं दिलं. त्यांनी गाठीवरून हात फिरवला. मग कॉलर उलटी करून बोटांनी चाचपत राहिले, टाका सापडेपर्यंत.

"मग म्हणाले, किती वाजले? मी म्हटलं, अडीच. म्हणाले, कोर्टातली वस्तू जमा करायची खिडकी चारला बंद होते. मी सांगतो, तुम्ही लिहा. यादी दोन प्रतींत. मला वाटलं, कोर्टातला माणूस, मोठा ऐटबाज दिसतोय, स्वतः लिहायला काय होतं? मग सहीची वेळ आली. मी कागदावर बोट ठेवून दाखवलं, इथे. त्यांनी सही टेबलावर केली."

मी टेबलाकडे बघितलं. लाकडावर, कागदाच्या जागेपासून चार बोटं बाजूला, बाबांची वळणदार सही.

मावशी माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात आता भांडण नव्हतं, त्यामुळे ते जास्त लागलं. "तुमच्या बाबांना दिसत नाही, बाई. तुम्हाला माहीत आहे ना?"

बाबा म्हणाले, "मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. फार काही नाही."

मावशीनंच उठून आत जाऊन पाणी आणलं, आपलं घर असल्यासारखं. मग बाबांनी खिशातून कागद काढून माझ्यापुढे धरला. जरा बाजूला. पोच होती. शिक्का, तारीख, वेळ तीन वाजून बावन्न मिनिटं. फ्रॉक मोहोरबंद झाले होते.

शुक्रवार, १९

आजच्या तारखेला एवढंच. या वहीची सगळी पानं मागे जाऊन वाचली. रेनकोट. बल्ब. शब्दकोडं. चहा. सगळं मी स्वतःच्या हातानं लिहिलंय.

सोमवार, २२

बाबांनी अर्ज आणि पोच आधीच जोडून दिली होती, त्यामुळे मावशीचं नाव यादीत चौथं होतं. अधीक्षकबाईंचे वकील उठले. हे फ्रॉक त्याच मुलीचे कशावरून? बालिकागृहात असे शेकडो.

मावशी म्हणाली, "कॉलर उलटून बघा."

न्यायाधीशांनी मोहोर फोडली, स्वतः कॉलर उलटली आणि चष्मा कपाळावर सारून कापड डोळ्यांजवळ नेलं. दोन्ही फ्रॉकना होता.

"पण हा टाका तर वर्तमानपत्रात छापून आलाय," वकील म्हणाले. "आठ दिवसांपूर्वी. कुणीही मागाहून घालू शकतं."

म्हणजे मी मावशीचं नुसतं नाव उघडं केलं नव्हतं, तिचा पुरावाही नासवला होता.

मावशी घाईत नव्हती. "साहेब, टाका बघू नका. टाक्याच्या खालचं कापड बघा. वर्षभर उन्हात, धुण्यात कापड विटलंय. दोरा उचला. त्याच्याखाली कापड मूळच्या रंगाचं असेल. आठ दिवसांत दोऱ्याखाली सावली पडत नाही."

न्यायाधीशांनी सुई मागवली. दोरा उचलला. बराच वेळ बघितलं. मग लघुलेखकाकडे न बघता म्हणाले, "नोंद करा." सामानाची खोली मोहोरबंद करण्याचा हुकूम झाला. बाकीच्या मुलींचे जबाब पुढच्या आठवड्यात, अधीक्षकबाईंच्या गैरहजेरीत. मावशीच्या नोकरीचं काय, त्यावर हुकमात शब्द नाही.

बाहेर वऱ्हांड्यात मी तिची माफी मागितली. चार दिवस पाठ केलेलं सगळं विसरले, नुसतंच "चुकले" म्हणाले.

"ते दिसलं मला," मावशी म्हणाली. "पण मी तुम्हाला माफ केलं असं कुठे लिहू नका. एकवीस टाके परत घालून झाले की मग बघू."

"लेखात तुम्हाला काय म्हणू?"

"आता काय लपवायचंय? माझं नाव घाला. पूर्ण. बापाच्या नावासकट."

मंगळवार, २३

लेखात तिचं नाव लिहिलं. इथे नाही. नियम तो नियम.

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली. बाबा म्हणतात, उशीर झालाय. मी म्हटलं, ते डॉक्टर ठरवतील, नक्कल विभाग नाही.

दुपारी लेख मोठ्यानं वाचून दाखवला. लाल पेन्सिल माझ्या हातात, बाबा डोळे मिटून. मी दोनदा अडखळले, दोन्ही वाक्यं खोटी होती, काढली. शेवटचा परिच्छेद वाचला. त्यात मी लिहिलं होतं की रविवारी मावशी घरी आली, बाबांच्या सगळ्या सदऱ्यांच्या कॉलरी तिनं मांडीवर घेतल्या आणि आतून टाके घातले: पांढऱ्याला एक, निळ्याला दोन, रेघांच्याला तीन. कपाटात हात घातला की आता बाबांना कळतं. आणि सगळ्या टाक्यांचा रंग एकच, बाबांना विचारून घेतलेला, त्यांना न दिसणारा.

"थांब," बाबा म्हणाले.

"चांगलं झालंय ना?"

"चांगलं झालंय. काप."

मी थोडा वेळ पेन्सिल धरून बसले. मग पूर्ण परिच्छेदावर लाल रेघ मारली आणि रेघेचा आवाज त्यांना ऐकू जाईल इतकी दाबून मारली.

तो रंग कुठला, ते इथेही लिहीत नाही.